गिअर केव्हा टाकावा?

कलाशाखेच्या वार्षिक अंकात मोटारसायकलीच्या गिअरवर लेख कशाला, असा प्रश्न संपादक मंडळातील एका मित्राने मला केला. प्रश्न रास्त होता. परंतु सकाळी साडेसातला आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहिले, की उत्तर आपोआप मिळते. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई अशा चारी दिशांनी विद्यार्थी येतात. एस. टी.ने येणारे अजूनही पुष्कळ आहेत. पण मोटारसायकलींची रांग दरवर्षी लांबत चालली आहे, आणि त्या रांगेत पुढे वाकून बसायच्या, टाकी फुगीर, आवाज चढा अशा 'स्पोर्ट' गाड्या निम्म्या तरी असतात. विज्ञानशाखेची मुले गिअरवर उदाहरणे सोडवत असतील, पण गिअर टाकतो तो आपण सगळेच. आणि कसा टाकतो, ते फाटकाशी उभे राहून नुसते ऐकले तरी कळते. कोणाची गाडी किंचाळते, कोणाची गचके खात खात आत शिरते.

ही विद्या शिकवणारे कोणी नसते. गाडी चालवायला थोरला भाऊ किंवा मित्र शिकवतो, तो भाताच्या खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानात. क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड, एवढे तीन मंत्र झाले की शिक्षण संपले. केव्हा टाकायचा, हे 'सवयीने येते' म्हणून सोडून दिले जाते. मी दोन वर्षे टोकावड्याकडून रोज थोरल्या भावाच्या जुन्या आर-१५ वरून येतो. भाऊ मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. त्याची रात्रपाळी संपते आणि माझा तास सुरू होतो, अशी गाडीची वाटणी आहे. रात्री-अपरात्री पाड्यावर कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर पुन्हा हीच गाडी. त्यामुळे तिची क्लच प्लेट किती दिवस टिकते, हा आमच्या घरात चर्चेचा विषय असतो. या निमित्ताने गॅरेजवाल्या काकांच्या मागे लागून, माहितीपुस्तिका वाचून आणि स्पॉकेटचे दात स्वतः मोजून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम गिअर असतोच कशाला, ते पाहू. आपल्या शहापूर तालुक्यात कसारा स्टेशनावर थांबून पाहावे. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा रेल्वेचा घाट १८६५ साली खुला झाला. तेथे चढ ३७ फुटांत १ फूट इतका आहे. म्हणून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. विजेच्या इंजिनाला मोटारसायकलीसारखी गिअरपेटी नसते, कारण विजेची मोटर जागच्या जागी उभी असतानाही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते फिरत असेल तरच जोर देते, आणि तोही काही ठराविक वेगाने फिरत असताना. फार हळू फिरले तर गुदमरते, फार जोरात फिरले तर दर फेऱ्यात पुरेशी हवा आत घेता येत नाही आणि जोर पुन्हा घटतो. रेल्वे घाटात इंजिन वाढवते. आपल्याकडे दुसरे इंजिन नाही, म्हणून आपण त्याच इंजिनाला जास्त फेरे मारायला लावून चाकाला कमी फेरे देतो. फेरे द्यायचे आणि जोर घ्यायचा, असा हा रोखीचा व्यवहार आहे.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो म्हणजे हा व्यवहार स्पष्ट होईल. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये ३.०४ पट घट आहे. मागच्या चाकाचे स्पॉकेट ४२ दात्यांचे, पुढचे १४ चे, म्हणजे आणखी तिप्पट घट. गिअरपेटीत पहिला गिअर २.८३, दुसरा १.८८, तिसरा १.३६, चौथा १.१४, पाचवा ०.९६ आणि सहावा ०.८४. सगळ्यांचा गुणाकार केला तर पहिल्या गिअरात मागचे चाक एकदा फिरायला इंजिनाला जवळजवळ २६ फेरे मारावे लागतात. सहाव्यात साडेसात-पावणेआठ पुरतात. चाकाला मिळणारा जोर त्याच प्रमाणात कमीजास्त होतो.

आता या गिअरांमधील अंतरे पाहा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे एक तृतीयांशाने पडतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाव भागाहून थोडे अधिक. तिसऱ्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून पाचव्यात सहावा हिस्सा, आणि पाचव्यातून सहाव्यात आठवा हिस्सा. खालच्या पायऱ्या उंच, वरच्या पायऱ्या बुटक्या, असा हा जिना आहे. 'अमुक फेऱ्यांना गिअर बदला' असा एकच आकडा सर्व गिअरांना लावणारे मित्र येथे चुकतात. उंच पायरीसाठी पाय जास्त उचलावा लागतो. म्हणून पहिला आणि दुसरा गिअर थोडा अधिक ताणून मगच पुढचा टाकावा, चौथ्या-पाचव्याला तितके ताणण्याची गरज नाही.

रोजच्या सपाट रस्त्याचे माझे माप असे: पहिला साधारण ५५०० फेऱ्यांपर्यंत, दुसरा ५००० पर्यंत, त्यापुढचे ४५०० ला. असे केले की प्रत्येक वेळी पुढच्या गिअरात काटा ३६०० ते ३९०० च्या आसपास उतरतो आणि गाडी न थरथरता ओढते. वेगात सांगायचे तर पहिल्यातून २२-२४ ला बाहेर पडायचे, दुसऱ्यातून ३२ च्या आसपास, तिसऱ्यातून ४० ला, चौथ्यातून ४८ ला आणि पंचावन्नच्या पुढे गेलो तरच सहावा. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत. दुसऱ्या गाडीचे थोडे वेगळे असतील. पण पद्धत तीच: गिअर टाकताना काटा कोठून निघाला यापेक्षा तो कोठे जाऊन बसला, हे पाहावे. तो जेथे बसला तेथून मूठ थोडी पिळल्यावर गाडी लगेच पुढे सरकली, तर गिअर वेळेवर टाकला. ती हुंकार देऊन जागीच रेंगाळली, तर घाई झाली.

लहान स्पोर्ट गाडीच्या बाबतीत ही घाई विशेष महाग पडते. कारण समजून घेण्यासाठी घरातल्या दुसऱ्या गाडीकडे पाहू. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरटी एक स्प्लेंडर आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. स्प्लेंडरचे ९७ सी.सी.चे इंजिन (बीएस-६ काळातले) आपला सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६००० फेऱ्यांना देते. तो आहे ८.०५ न्यूटन-मीटर. त्याची सारी घडण मात्र सावकाश, चार गिअरांत, कमी फेऱ्यांत काम भागवण्यासाठी केलेली असते. आर-१५ भारतात २००८ साली आली. तिच्या सुमारे १५० सी.सी.च्या इंजिनात चार झडपा, पाण्याने थंड होण्याची सोय आणि सहा गिअर होते. तिचा टॉर्क १५ न्यूटन-मीटर, पण तो मिळतो ७५०० फेऱ्यांना. आणि पूर्ण शक्ती, १७ पी.एस., मिळते ८५०० ला. म्हणजे इंजिनाचा खरा जीव वरच्या मजल्यावर राहतो. तीन हजार फेऱ्यांवर तिला चढावर ओढायला सांगणे म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसाला खालून हाक मारण्यासारखे आहे. तो येईल, पण जिना उतरून येईल.

हाच स्वभाव या घराण्यातल्या बहुतेक गाड्यांचा. १९८५ मध्ये आलेली आर. एक्स. १०० ही आपल्याकडच्या अशा गाड्यांची थोरली बहीण. तिचे दोन-स्ट्रोक इंजिन अवघे ९८ सी.सी.चे, आणि ११ अश्वशक्ती देई ती ७५०० फेऱ्यांना. वडिलांच्या पिढीतले लोक अजून तिचे नाव काढताना डोळे मिटतात. पुढे २००१ मध्ये पल्सर आली, २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून ड्यूक २०० बाहेर पडू लागली. २०१८ नंतरच्या आर-१५ मध्ये तर झडपा उघडण्याची पद्धतच ७४०० फेऱ्यांना बदलते. त्याखाली इंजिन एका स्वभावाचे, त्यावर दुसऱ्या. गिअर बदलण्याचा इशारा देणारा दिवाही त्या गाडीत असतो. माझ्या गाडीत तो नाही, कोणता गिअर पडला आहे हे दाखवणारा आकडाही नाही. कान आणि काटा यांवर भागते. माझे स्वतःचे मत विचाराल तर दिव्याची वाट पाहणाऱ्यापेक्षा कानावर विसंबणारा लवकर शिकतो. दिवा लाल पट्ट्याजवळ पोहोचल्याचे सांगतो, रस्ता कसा आहे ते सांगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. गिअर वर टाकण्यात चूक झाली तर पेट्रोल आणि पार्ट यांचे नुकसान होते. गिअर खाली टाकायचा राहिला तर माणसाचे होते.

मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग २२२, आताचा ६१. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी आणि मग घाट. याच बाजूला वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट वर जाते. सातवाहनांच्या काळी कोकणातला माल तिथून बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर जुन्नरला चढत असे. इतिहासाच्या तासाला आम्ही तो अभ्यासतो. आजचा माल माळशेजने उतरतो: ओतूर-जुन्नरकडचा भाजीपाला कल्याणकडे, आणि परतीचे ट्रक वर. चढावर भरलेला ट्रक २५-३० च्या वेगाने चाललेला असतो आणि त्याच्या मागे आपण.

आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक मुलगा मोरोशीच्या पुढे याच चढावर गेला. आषाढ होता. त्याच्या मागे बसलेला मित्र वाचला. त्याला आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने सांगितले ते एवढेच: समोरून गाडी दिसत होती पण लांब होती, ट्रकच्या बाजूला आलो, त्याने मूठ पूर्ण पिळली, पण गाडी ओढलीच नाही. त्या दिवशी नेमके काय घडले हे मी सांगू शकत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या हातात चूक ठेवण्याचा मला अधिकारही नाही. परंतु 'मूठ पिळली आणि गाडी ओढली नाही' हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे, सुदैवाने जिवंत माणसांच्या. त्या वाक्याचा हिशेब मांडता येतो.

माझ्या गाडीचाच घेतो. वेग ४०, गिअर सहावा: इंजिन फिरते सुमारे २७५० ला. तोच वेग, गिअर तिसरा: ४४५० च्या जवळ. तोच वेग, गिअर दुसरा: ६१०० च्या वर. सहाव्यापेक्षा दुसऱ्या गिअरात नुसत्या दात्यांच्या हिशेबानेच चाकावर सव्वादोन पट जोर येतो. शिवाय सहा हजारांवर इंजिन आपल्या भरात येत असते, तो फायदा वेगळा. सहाव्यात मूठ पूर्ण पिळली तरी या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. मूठ पिळणे म्हणजे इंजिनाला 'जोर लाव' असे सांगणे. पण जोर लावण्याच्या ठिकाणी त्याला आणून उभे करण्याचे काम गिअर करतो. डबल सीट, चढ, पावसाचा ओला रस्ता आणि वरचा गिअर, इतक्या गोष्टी एकत्र आल्या की गाडी ट्रकच्या शेजारी समांतर चालत राहते. पुढेही जात नाही, मागेही नाही. त्या वेळी गिअर पाडायचा म्हटला तर क्लच दाबून जोर पूर्ण तुटतो, आणि तो अर्धा क्षणसुद्धा आपला नसतो.

म्हणून ओव्हरटेकचा निर्णय ट्रकच्या मागे असतानाच पायाने घ्यायचा. तिशीच्या वेगाने ट्रकमागे चालत असाल तर दुसरा गिअर आधी पाडून ठेवावा. तेव्हा काटा ४६०० च्या आसपास असतो आणि वर भरपूर जागा शिल्लक असते. मग रस्ता दिसला, मूठ पिळली आणि गाडीने लगेच उत्तर दिले, तरच बाहेर निघावे. उत्तर मिळाले नाही तर ट्रकच्या मागेच आहोत, काही बिघडले नाही. बाहेर निघाल्यावर ट्रक पूर्ण मागे पडेपर्यंत गिअर बदलू नये. दुसरा माझ्या गाडीत साठीपर्यंत बिनधोक ताणतो. तेवढा वेळ इंजिन ओरडले तर ओरडू द्यावे. पुष्कळ मुले त्या आवाजाला घाबरून ट्रकच्या मध्यावरच तिसरा टाकतात. आवाजाने इंजिन फुटत नाही. लाल पट्ट्याच्या खाली ते त्यासाठीच बांधलेले आहे.

साध्या चढावरही हेच सूत्र. वेग पडून गाडी कण्हू लागल्यावर गिअर पाडणाऱ्याला दोन-दोन गिअर पाडावे लागतात. चढ समोर दिसताच, वेग अजून हातात असताना एक पाडला तर पुष्कळदा तेवढ्यावर निभावते. बैलगाडीवाला चढ लागण्यापूर्वीच बैलांना हाक देतो. गाडी अडल्यावर देत नाही.

सगळ्यात जास्त जोर केव्हा मिळतो, हे विचारणारे मित्र असतात, म्हणून तेही सांगतो. शहापूरजवळ मुंबई-नाशिक महामार्गावर गावाच्या रस्त्याने शिरताना त्याचा उपयोग आहे, कारण तिथे ऐंशीने धावणाऱ्या गाड्यांत शून्यावरून मिसळायचे असते. (समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला आणि तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा आपला महामार्ग तो जुनाच.) नियम असा: पूर्ण शक्तीचा आकडा गाठला की लगेच गिअर टाकू नये, थोडे पुढे जाऊ द्यावे. माझ्या गाडीत शक्तीचे शिखर ८५०० ला. तिथेच दुसऱ्यातून तिसरा टाकला तर काटा ६२०० च्या खाली येतो, म्हणजे शिखरापासून बराच दूर. तोच ९५०० ला टाकला तर ६९०० ला उतरतो, आणि तिथून गाडी पुन्हा शिखराकडे चढते. शिखराच्या पलीकडे शक्ती थोडी घटते हे खरे, पण अलीकडे फार खाली पडण्यापेक्षा ते परवडते. वरच्या गिअरांत पायऱ्या बुटक्या असल्याने इतके पुढे जाण्याची गरज उरत नाही. दुसऱ्यात साठ, तिसऱ्यात ऐंशी, आणि महामार्गाच्या ओघात मिसळलो की क्लच दाबून एकेक करत थेट पाचवा. फाटकाशी मुलींसमोर हा प्रयोग करणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. त्यांच्या चेन-स्पॉकेटविषयी त्यांचा गॅरेजवाला लिहील.

आता उतार. वडीलधाऱ्यांची एक शिकवण येथे मोडावी लागते. घाट उतरताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात थोडेफार तथ्य असेल. शिवाय दोन-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला मुळात कमी अडवते, म्हणून त्या पिढीला इंजिनाच्या ब्रेकची सवयच नव्हती. परंतु आजच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर पडलेला असून मूठ पूर्ण सोडली, की फेरे पुरेसे असेपर्यंत पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. इंजिन चाकाच्या जोरावर फुकट फिरते. न्यूट्रल केले तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहते. म्हणजे वाचवायला गेलो तेच खर्च होते, आणि वर गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरात घाट चढता आला असता त्याच गिअरात तो उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना ठोकताळा मोटारसायकलीलाही लागू पडतो.

गिअर खाली टाकताना मात्र एक पथ्य पाळावे लागते. वर टाकताना इंजिनाला हळू व्हायचे असते, खाली टाकताना त्याला जोरात फिरायचे असते. क्लच सोडल्यावर ते काम चाक करते, आणि चाकाला ते एकदम करावे लागले तर ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरते. म्हणून क्लच दाबलेला असताना मूठ किंचित पिळून इंजिनाला आधीच थोडे वर आणावे आणि मग क्लच सोडावा. ऐकायला अवघड वाटते. चार दिवसांत हात बसतो. नव्या गाड्यांत 'स्लिपर क्लच' असतो, तो हा धक्का बराच शोषून घेतो. जुन्या गाड्यांत ते काम मनगटाचे.

आणि किती खाली? फेरे मर्यादेबाहेर जाऊ नयेत म्हणून इंजिनात जी अडवणूक असते, ती ठिणगी किंवा पेट्रोल तोडून काम करते. मूठ पिळून तुम्ही तिच्यापुढे जाऊ शकत नाही. पण ऐंशीच्या वेगात चुकून दुसरा पाडला तर चाकच इंजिनाला ओढत नेते, १२ हजारांच्या पुढे, आणि तिथे ती अडवणूक काहीच करू शकत नाही. झडपा वाकतात त्या अशा वेळी. तिसरा पाडला असता तर काटा नऊ हजारांच्या आत राहिला असता.

हे चुकून कसे घडते? त्याला आपल्या घराघरांत एक खास कारण आहे. स्प्लेंडरमध्ये सगळे गिअर पंजाने खाली दाबून वर चढतात आणि टाचेने उतरतात. स्पोर्ट गाडीत पहिला खाली, बाकीचे सगळे पंजाने वर उचलून. म्हणजे एकीत पंजा दाबला की गिअर चढतो, दुसरीत तोच पंजा दाबला की उतरतो. सकाळी काकाची स्प्लेंडर आणि दुपारी मित्राची स्पोर्ट चालवणाऱ्याचा पाय गोंधळला तर नवल नाही. यापूर्वी हा गोंधळ कमी नव्हता. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे, आणि येझदीची किक आणि गिअरची दांडी एकच होती. पण तेव्हा एका घरात दोन गाड्या नसत. आमच्याकडे यावर उपाय म्हणून नियम केला आहे: गाडी बदलली की चालू करण्यापूर्वी उभ्या गाडीवर क्लच दाबून पायाने दोन वेळा गिअर वर-खाली करून पाहायचे. पाय आठवण ठेवतो.

गिअरपेटीच्या आत काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून पायाची शिस्त कळते. सहाही गिअरांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. ते कधी सुटत नाहीत. आपण दांडी हलवतो तेव्हा शेजारच्या चक्राच्या अंगावरचे जाड खुंटे सरकून दुसऱ्याच्या खाचेत शिरतात, एवढेच. खुंटे नीट शिरले तर 'खट्' असा एकच स्वच्छ आवाज येतो. भीत भीत, अर्धवट दाबले तर खुंट्यांची टोके एकमेकांवर घासून गोल होतात, आणि पुढे गिअर आपोआप सुटू लागतो. तेव्हा पायाने ठाम उचलावे, पण लाथ मारू नये. मूठ सोडणे, क्लच दाबणे, पाय उचलणे ही तिन्ही कामे एका दमात व्हावीत. आणि गिअर पडल्यावर पाय दांडीवरून काढावा. त्यावर ठेवलेल्या पायाचा नुसता भारही आतल्या काट्यांना झिजवत असतो. हाफ क्लचवर चढ चढण्याविषयी तर काकांनी मला एकच वाक्य ऐकवले होते, "प्लेट जळतेय तिचा वास तुला नाही येत, मागच्याला येतो."

या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरपेटी तिघांना एकच ऑइल असते. त्यामुळे ऑइल जुने झाले की पहिली तक्रार गिअर करतो: न्यूट्रल सापडत नाही, दुसरा कडक जातो. डब्यावर 'जासो एम. ए.' असे लिहिलेले ऑइलच घालावे. चारचाकीचे उरलेले ऑइल घालून पैसे वाचवू नयेत. त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांमुळे ओल्या क्लचच्या प्लेटा घसरू शकतात.

राहता राहिली पावसाळ्याची गोष्ट. लावणीच्या दिवसांत आपल्याकडची अर्धी मुले गमबूट घालून गाडी चालवतात. गमबुटाचे टोक जाड. ते दांडीखाली शिरत नाही, मग गिअर वर उचलायला घोटा वाकडा करावा लागतो आणि अर्धाच पडतो. ज्या गाड्यांत दांडी सरळ शाफ्टावर बसवलेली असते, तिथे बहुधा दहा नंबरच्या पान्याने बोल्ट पूर्ण काढून दांडी शाफ्टावरून ओढायची, एक दाता वर सरकवून पुन्हा बसवायची आणि बोल्ट घट्ट करायचा. जिथे मध्ये जोडसळई आहे, तिथे तिचे दोन्ही नट सैल करून सळई फिरवली की दांडी वर येते. दोन्हींना पाच मिनिटे लागतात. दसऱ्याला पुन्हा खाली.